पहिले पंधरा दिवस

छावणीत बातमी पोचवायला भोंग्याची गरज नव्हती, छबुबाई पुरेशी होती. भोंगा सकाळी एकदा ओरडायचा, कुठल्या दावणीला उसाच्या शेंड्यांचं वाढं आलं आणि कुठल्या दावणीला ऊस एवढं सांगायचा आणि बॅटरी उतरली की गप्प व्हायचा. छबुबाईची बॅटरी उतरलेली कुणी पाहिली नव्हती. त्यामुळे विमल सकाळीच तीन नंबरच्या दावणीमागं जाऊन ओकली, ही गोष्ट दुपारच्या भाकरीपर्यंत साऱ्या माळाला ठाऊक झाली, यात नवल काही नाही. नवल आहे ते पुढं.

एकोणीस सालचा उन्हाळा होता. चकलांब्याच्या अलीकडं, उघड्या माळावर, गावच्या दूध संस्थेनं चारा छावणी उघडली होती. बल्ल्या रोवून वर हिरवी जाळी ताणलेली, खाली सहाशे जनावरं आणि दर घरातलं एक माणूस. एकानं जनावरांपाशी राहायचं, बाकीच्यांनी गावात टँकरची वाट बघायची, अशी घरोघरची वाटणी. विमलच्या घरातून विमल आली होती. दोन बैल आणि भुरी नावाची म्हैस तिच्या ताब्यात होती. सासू साखराबाई गावात राहून नातीची शाळा सांभाळायची आणि रोज दुपारी डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन दोन कोस चालत यायची. नवरा सुग्रीव संस्थेच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. गोदाकाठच्या पट्ट्यातून ऊस भरून आणायचा आणि दोन-तीन दिवसांतून एकदा तोंड दाखवायचा.

छबुबाईची दावण विमलच्या शेजारची. ती दात घासता घासता पुढं आली, विमलला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "दोन म्हैने झाले, तू एकदाबी बाजूला बसली न्हाईस. माजं ध्यान हाय बरं का. कितवा लागला?"

विमलनं तोंड पुसलं आणि मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे तिचं तिलाही कळलं नसेल. छबुबाईला तेवढं बस झालं.

विमलला दिवस गेले नव्हते. पाळी चुकली होती ती अंगात रक्त नव्हतं म्हणून. आणि ओकारी आली होती ती एका गोळीनं, तीही अर्धी.

तिचं दुखणं दिसणारं नव्हतं. दिवाळीपासून तिचं कशातच मन लागेना. आधी हसू गेलं, मग भूक, मग झोप. पीठ मळायला घेतलं की हात परातीत तसेच राहायचे आणि चुलीवरचा तवा लाल व्हायचा. "अगं, ध्यान कुटं हाय तुजं?" म्हणून साखराबाई ओरडायची. ध्यान कुठंच नव्हतं. दुष्काळ होता, पण तो काय एकट्या विमलला होता? शेजारणी टँकरपाशी भांडत होत्या, घागरी आपटत होत्या, एकमेकींची उणीदुणी काढून पोट धरून हसत होत्या. विमलला भांडायचीसुद्धा इच्छा उरली नव्हती. काही कारण सांगता आलं असतं तर तिलाच बरं वाटलं असतं. एक दिवस गावातल्या आशाताईपाशी तिच्या तोंडून निघून गेलं, "मी नसले तर घरचं लई सुरळीत चालंल." आशाताई शहाणी बाई. तिनं सुग्रीवला गाठलं, चार शब्द सुनावले आणि मंगळवार बघून दोघांना तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेऊन बसवलं. तिथं मंगळवारी बीडहून मनाची डॉक्टरीण यायची.

डॉक्टरीण तरणी पोर होती. तिनं घाई केली नाही. रक्त तपासलं, लघवी तपासली, पोटात काही नाही याची खात्री करून घेतली आणि मग गोळ्यांची पाकिटं पुढं ठेवली. "पहिले आठ दिवस अर्धी, मग एक. जेवल्यावर घ्यायची. मळमळेल, डोकं धरेल, तोंड कोरडं पडेल, झोप उडेल, हाताला थरथर सुटेल. हे पंधरा दिवसांत कमी होतं. गुण यायला मात्र तीन-चार आठवडे लागतात. आधी त्रास होतो, मग बरं वाटतं. म्हणून लोक मध्येच सोडतात. तुम्ही मनानं सोडायची नाही. आणि फारच घाबरं झालं, जीव नको वाटायला लागला, तर मंगळवारची वाट न बघता यायचं."

बाहेर पडल्यावर सुग्रीवनं मोटरसायकलला किक मारायच्या आधी आपली एक अट घातली. "मायला सांगू नकोस. गावाला कळलं की म्हणत्यात येडी झाली. उद्या रेणुकाचं लगीन करायचंय आपल्याला." रेणुका तेव्हा अकरा वर्षांची होती. पण माणूस घाबरला की लांबचं आधी दिसतं.

गोळी छावणीत सुरू झाली. अर्धी कशी करायची हाच पहिला घोर. विळ्यानं कापायला गेली तर एक तुकडा उडून भुरीच्या शेणात पडला. मग दातानं तोडायची, कधी अर्धीच्या जागी पाऊण जायची, कधी पाव. तिसऱ्या दिवसापासून डॉक्टरणीनं सांगितलेलं सगळं एकदमच आलं. उन्हात आंबलेल्या पाचटाचा गोडसर वास नाकात शिरला की पोट घशाशी यायचं, आणि छावणीत त्या वासाशिवाय दुसरं होतं काय? तोंडाला अशी कोरड पडायची की जीभ टाळूला चिकटायची. पाणी पिऊन पिऊन तिनं तिच्या वाटणीचं पिंप दुपारीच संपवलं आणि पाणी वाटणाऱ्या गहिनीनाथची बोलणी खाल्ली. धार काढायला बसली की हात थरथरायचे आणि दूध बादलीत पडायच्या ऐवजी तिच्याच पायावर पडायचं. भुरी मागं वळून बघायची. पाय एका जागी ठरायचे नाहीत, म्हणून ती उन्हाचीच या बल्लीपासून त्या बल्लीपर्यंत चालत राहायची. लोक म्हणायचे, काय हरवलं का विमलबाई? तिला वाटायचं, आधी निदान निपचित तरी पडत होते, आता तेही गेलं. औषध म्हणजे हे असलं?

आणि अशात छबुबाईची बातमी साखराबाईपर्यंत पोचली.

साखराबाई म्हणजे तोंडानं फटकळ बाई. सहा महिने तिनं सुनेला आळशी म्हटलं होतं, ऐदी म्हटलं होतं, माहेरच्यांनी काय शिकवलं म्हणून विचारलं होतं. त्या दिवशी मात्र ती पाटी घेऊन आली तीच निराळी. पाटी खाली ठेवली, कमरेचा बटवा चाचपला, त्यातून चिंचेचा गोळा काढून विमलच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "चोख. जरा बरं वाटंल." विमलनं चोखला आणि खरंच बरं वाटलं. आंबटानं मळमळ बसली. सासू समोर उकिडवी बसून तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होती.

"अगं, मग बोलली कावून न्हाईस? मी येड्यावानी तोंड सोडत बसले सा म्हैने. रेणुकाच्या येळंला बी तुजी अशीच दशा झालती. मला कसं ध्यानात आलं न्हाई?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. विमलनं तोंड उघडलंही. पण साखराबाई तोवर उठून भुरीपाशी गेली होती. पदर खोचून तिनं शेण भरलं, टोपली डोक्यावर घेतली, वाकत वाकत उकिरड्यावर टाकून आली आणि विमल उठायला लागली तर तिथूनच ओरडली, "बस गं! हलू नकोस." सहा महिन्यांत विमलला कुणी बस म्हटलं नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. साखराबाईनं ते पाहिलं आणि तिला वाटलं, आनंदाचं असेल.

दोन दिवसांनी सुग्रीव उसाचा ट्रॅक्टर घेऊन आला. विमलनं त्याला बाजूला, ट्रॉलीच्या सावलीत घेतलं आणि सगळं सांगितलं. "मायला काय सांगू? तुमी सांगा. माज्यानं व्हत न्हाई."

सुग्रीव टायरवर नखानं रेघा ओढत राहिला. "म्हनू दे की," तो शेवटी म्हणाला. "लोकं काय म्हनत्यात? पोटुशी हाय म्हनत्यात. वाईट काय हाय त्यात? तुला आराम बी मिळतोय. दोन म्हैन्यांनी म्हनू, ऱ्हायलं न्हाई. हुतंच की असं कितीजनींचं."

विमलला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. रागही त्या दिवसांत तिला कुठूनतरी उसना आणावा लागला असता. तो वाईट माणूस नव्हता, भित्रा होता. आणि खरं सांगायचं तर तिलाही ते सोयीचं होतं. येडी म्हणवून घेण्यापेक्षा पोटुशी म्हणवून घेणं कुणालाही बरं. साखराबाई रोज काही ना काही आणत होती. एक दिवस कैरी, एक दिवस शेंगदाण्याचा कूट लावलेली गवारीची भाजी, ती कुठून पैदा केली देव जाणे. पायाला तेल चोळून द्यायची. जाळीच्या सावलीत बसून जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची एवढीशी गोधडी शिवायला घेतली होती तिनं. टाका घालता घालता ती रेणुकाच्या जन्माच्या गोष्टी सांगायची, आणि विमलला वाटायचं, ही माया माझी नाही, माझ्या नावावर दुसऱ्याच कुणाची आली आहे.

तरी गोळी चालू होती. आठ दिवस झाले, मग एक पुरी. पुन्हा दोन दिवस जीव घाबरा झाला, मग हळूहळू मळमळ मागं सरली. पंधराव्या दिवशी सकाळी एक गोष्ट घडली. विमल धार काढत होती आणि भुरीनं शेणानं माखलेली शेपटी फाडकन तिच्या तोंडावर मारली. विमलच्या तोंडून अशी एक सणसणीत शिवी निघाली की शेजारच्या दावणीतला बाप्या दचकून वळला. विमल स्वतःच थांबली. कासेवरचा हात तसाच राहिला. दिवाळीपासून तिला कशाचा राग आला नव्हता, कुणाचा नाही, आणि आज म्हशीचा आला. तिनं मुद्दाम आणखी एक शिवी घातली, बघायला, खरंच येतेय का. आली. त्या दिवशी दुपारी रेणुका आजीबरोबर आली तेव्हा विमलनं तिला आपणहून विचारलं, "जेवलीस का गं?" पोरगी आईकडं बघतच राहिली.

दुसऱ्याच दिवशी साखराबाईनं चहापत्तीचा डबा उघडला आणि तिला पाकीट सापडलं.

"ह्या कशाच्या गोळ्या?"

"पित्ताच्या," विमल म्हणाली.

"पोटुशा बाईनं असलं काय खायचं नसतं. लेकराला लागतं." साखराबाईनं पाकीट बटव्यात कोंबलं, नाडी ओढली आणि बटवा कमरेला खोचला. तो बटवा म्हणजे तिची तिजोरी. सुपारी, अडकित्ता, तंबाखू, देवीचा अंगारा, सगळं त्यात. त्यात गेलेली वस्तू मागायची हिंमत त्या घरात कुणाला नव्हती.

 विमलला उलट सुटल्यासारखं वाटलं. थरथर थांबेल, लपवालपवी थांबेल, घेतली काय न घेतली काय, आता बरं वाटतंयच की. अशी समजूत त्या गोळ्या घेणाऱ्या कितीतरी जणांची होते आणि तिथंच घात होतो.

तिसऱ्या दिवशी डोक्यात झिणझिण्या यायला लागल्या. मान वळवली की माळ थोडा मागाहून वळायचा. ते एक वेळ सोसलं असतं. पण पाठोपाठ जुनं ओझं परत आलं, आणि या खेपेला ते ओळखीचं होतं म्हणून जास्त भ्या वाटलं. भाकरी तोंडात फिरायला लागली. भुरीनं शेपटी मारली तर विमलनं तोंडसुद्धा फिरवलं नाही. रविवारी रेणुका आली. तिला शाळेत वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं होतं, एक वही आणि पेन. ती आईपुढं उभी राहून सगळं भाषण म्हणून दाखवत होती, हात हलवून, पायावर उंच होऊन. विमल तिच्या हलणाऱ्या ओठांकडं बघत होती. भाषण संपलं. पोरगी थांबली, वाट बघितली, मग वही छातीशी धरून हळूच आजीकडं गेली. जाताना तिनं आजीला विचारलेलं विमलला ऐकू आलं, "आय परत तशीच झाली का गं?"

ते मात्र विमलला लागलं. रात्रंदिवस काहीच लागत नव्हतं, ते एवढं लागलं.

सोमवारी दुपारी साखराबाई गोधडीला टाके घालत बसली होती आणि विमल दावणीलगतच्या आपल्या पाचटाच्या खोपीच्या दारात आडवी होती. समोरच्या दावणीत शेळ्या-गायी राखणारा सिदू म्हातारा आपल्या गायीचा दोर सोडत होता. चार दिवसांपूर्वीच तो छावणीत आला होता. गाय कोरड्या कडब्यावरची, आल्या आल्या तिच्यापुढं ओला ऊस पडला आणि तिला ढाळ लागली. मागचे पाय माखलेले, बरगड्या वर आलेल्या, डोळे खोल गेलेले.

"कुटं निघालात, सिदूमामा?" साखराबाईनं सुई थांबवून विचारलं.

"घरी. हितं मरती माजी गाय. आली तवा बरी व्हती. ऊस खाल्ला आन् इस्कोट झाला."

"घरी कडबा हाय का?"

"कुटला कडबा! असता तर हितं कशाला आलो असतो?"

"मग घरी नेऊन काय घालता, माती?" साखराबाई उठली आणि गायीच्या पाठीवर हात फिरवला. "आमच्या भुरीला धा दिवस ढाळ व्हती. मी म्हणलं, गेली म्हस. पर सोडली न्हाई. अहो, ह्या पोटाला ह्यो चारा ठावा न्हाई, त्याला शिकाया दिवस लागत्यात. एकदम पुढ्यात टाकू नका. थोडा थोडा द्या, वाळल्या पाचटात मिसळून. पयले पंधरा दिवस त्रास देतं, मंग बसतं. मधीच उठवून नेली तर मातुर खरंच मरंल."

सिदू म्हातारा दोर हातात धरून उभा राहिला. मग पुटपुटत त्यानं तो पुन्हा खुंट्याला बांधला. साखराबाई समाधानानं येऊन बसली आणि तिनं सुई उचलली.

विमल उठून बसली.  हे आत्ता बोललं नाही तर पुन्हा बोलणं व्हायचं नाही, हे तिला स्वच्छ कळत होतं. बोललं तर ही गोधडी, ही चिंच, पायाचं तेल, सगळं जाणार, हेही कळत होतं.

"आत्या," तिनं सासूला हाक मारली.

"काय गं? चिंच देऊ?"

"मला दिवस गेले न्हाईत."

साखराबाईची सुई कापडात अर्धी राहिली. "कोण म्हणलं?"

"दवाखान्यात तपासलंय. आदीच."

"मग वकत कावून व्हतीस?"

"गोळ्यांनी. त्या पित्ताच्या न्हाईत, आत्या. मनाच्या हायत. दिवाळीपासून मला जगावंसंच वाटत न्हाई. डॉक्टरणीनं सांगितलं व्हतं, पयले पंधरा दिवस लई त्रास हुईल, मंग गुण यील. मला येत व्हता गुण. मी भुरीला शिव्या दिल्त्या. मग तुमी गोळ्या काढून घेतल्या आन् मी घिऊ दिल्या, बोलले न्हाई." तिनं समोरच्या गायीकडं बोट केलं. "तुमी आत्ता सिदूमामाला सांगितलं ना, तसंच माजं हाय. मधीच सुटलं ते."

साखराबाईनं सुई कापडातून ओढली आणि बटव्यात ठेवली. मग तिनं एकच विचारलं, "सुग्रीवला ठावं व्हतं?"

"व्हतं."

 साखराबाईनं गोधडी काखेत मारली, पायात चपला सरकवल्या आणि पाटीसुद्धा न उचलता भर उन्हात चालायला लागली. बटवा तिच्या कमरेला होता आणि गोळ्या त्या बटव्यात होत्या. विमल ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

मंगळवारी साखराबाई आली नाही. दुपार झाली, ऊन उतरलं, तरी आली नाही. छबुबाईनं आपल्यातली भाकरी दिली आणि विचारलं, "सासू कावून आली न्हाई? भांडलात का? असल्या दिवसात भांडू ने बाई." विमलनं भाकरी भुरीला टाकली. तिला वाटलं, झालं. आता सुग्रीवला बोलावतील, मला माहेरी धाडतील, नाहीतर कुण्या देवाच्या दारी नेऊन बसवतील. आणि सगळ्यांत वाईट हे वाटलं, की काहीही केलं तरी आपल्याला चालेल.

बुधवारी साखराबाई आली. डोक्यावर भाकरीचं गाठोडं, काखेत ती गोधडी. तोंड सुजलेलं होतं. विमलकडं न बघता तिनं आधी भुरीला पाणी दाखवलं, बैलांना वाढं टाकलं, मग येऊन समोर बसली.

"काल तालुक्याला गेलते."

"एकट्या?"

"मग काय वरात काढू?" तिनं पदरानं घाम पुसला. "दुपारपस्तोर बसवलं मेल्यांनी रांगेत. ती डॉक्टरीण म्हंजी पोरगीच हाय गं. तिला म्हणलं, बाई, गोळी म्या काढून घेतली, चूक माजी हाय, सुनंला बोलू नका. रागावली न्हाई. म्हणली, आता पुना अर्धीपासून धरा. आन् हप्त्यानं तिला घिऊन या."

"पुना मळमळंल?"

"पुना. पयल्यापासून." साखराबाई थोडी थांबली. "दोन दिस रडले मी. खोटं कशाला बोलू. नाव बी ठिवलं व्हतं मी त्याचं."

"काय नाव?"

"आता कशाला इचारतीस," ती म्हणाली.

गाठोडं सोडून तिनं भाकरी काढली. "आदी चार घास खा." विमलनं खाल्ले. भाकरीला चव नव्हती, पण सासू प्रत्येक घास मोजत असल्यासारखी बघत होती. मग साखराबाईनं बटवा सोडला. पाकीट काढलं, एक गोळी तळहातावर घेतली, अडकित्ता काढून लुगड्याला पुसला आणि ती गोळी पात्याखाली धरून डोळे बारीक केले. चाळीस वर्षं सुपारी कातरलेला हात. कट्कन आवाज झाला आणि गोळीचे दोन भाग पडले, एक कण इकडं नाही, एक तिकडं नाही. एक तिनं पाकिटात परत ठेवला, दुसरा विमलच्या हातावर दिला.

"गिळ. आता जीभ दाव. वर कर. हां."

जनावराला औषध पाजून झाल्यावर बघतात तसं तिनं नीट बघितलं आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

छबुबाई एवढा वेळ दम धरून होती हेच पुष्कळ. ती दावण ओलांडून आली. "काय साखराबाई, काल दवाखान्यात दिसलात म्हनं? समदं बरं हाय ना पोरीचं? कितवा सांगितला?"

आजूबाजूच्या चार खोपींतलं बोलणं थांबलं. सिदू म्हाताराही गायीपुढं पाचट टाकता टाकता थांबला. विमलनं खाली मान घातली आणि बोटांनी मातीत रेघा ओढायला लागली. तिला वाटलं, आत्या आता काहीतरी बोलून वेळ मारून नेतील, आणि नेली तर तिची तक्रार नव्हती.

"म्हैना-बिना काय न्हाई," साखराबाई म्हणाली, आणि तिचा आवाज मुळातच बारीक नव्हता. "दिवस गेलेले न्हाईत. माज्या सुनंला मनाचं दुकनं हाय. त्याची गोळी चालू केलीया. पयले पंधरा दिस वकाया व्हतं, हात कापत्यात, मंग बसतं. तुला कुनी इचारलं तर अस्संच सांग. आन् कुनी न्हाई इचारलं तरी सांग, तुजा भोंगा लांबवर जातो."

छबुबाईचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. असं त्या माळावर पहिल्यांदाच झालं. ती आल्या वाटेनं परत गेली.

विमल सासूकडं बघत होती. तिला रडायचं होतं, पण त्याच्या आधी पोटातून ती ओळखीची मळमळ वर आली. गोळीची की भीतीची, कोण जाणे. तिनं तोंडावर हात दाबला. साखराबाईनं शेणाचं घमेलं पुढं ओढलं, दुसऱ्या हातानं तिचं कपाळ धरलं.

"वक. लाजू नकोस, मी धरलंय."

पण ओकारी आली नाही, नुसते उमाळे आले आणि गेले. गोळी पोटात टिकली. साखराबाईनं ती एवढीशी गोधडी घडी करून खोपीच्या दारात ठेवली आणि विमलचं डोकं तिच्यावर टेकवलं. गोधडी तीन बाजूंनी शिवून झाली होती, चौथी बाजू उघडी होती, तिथून लुगड्याच्या चिंध्या बाहेर येत होत्या.

"पयला दिस गेला," साखराबाई म्हणाली आणि बटव्यातून सुई काढली. "ऱ्हायले चवदा."